सुबोधकाकांची माघार

मंगळवारी दुपारी सुबोधकाका गेल्याचं ऋताला कळलं, आणि तिकडे परदेशात, तोआ पायोहच्या त्या फ्लॅटमध्ये, सुतक लागलं ते फक्त तिला एकटीला.

सुतकाचा कायदा मोठा मजेशीर आहे. माणूस गेल्यानं ते लागत नाही, गेल्याचं कानावर आल्यानं लागतं. सख्खा भाऊ जाऊन चार दिवस झाले असले आणि तुम्हाला पत्ता नसला, तर तुम्ही खुशाल देवाला हात लावा, पेढे वाटा, कोणी काही म्हणणार नाही. म्हणूनच आपल्याकडे लग्न-मुंज तोंडावर असताना कोणी गेलं, की अख्खी भावकी एकदम मुकी होते. सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला सर्वांत आधी कळायला हवं तेवढ्या एकाला कोणी सांगत नाही, आणि या लबाडीला आपण समजूतदारपणा म्हणतो.

सुलेखानं तोच समजूतदारपणा केला. सुलेखा म्हणजे सुबोधकाकांची मुलगी, ऋताची चुलत नणंद, साताऱ्याला वडिलांजवळच राहणारी. तिचा फोन आला तेव्हा ऋता बँकेत आपल्या टेबलाशी डबा उघडत होती. सुलेखाचा आवाज रडून रडून बसला होता, पण बोलणं अगदी मुद्द्याचं होतं. सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. गाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. गाडीत ते शुद्धीवर होते, बोलतही होते.

"शेवटचं काय म्हणाले माहितेय, वहिनी? दादाला सांग, त्याचं चुकतंय. उद्या बोलतो त्याच्याशी."

दादा म्हणजे चंद्रशेखर, ऋताचे सासरे. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. येत्या रविवारी आबांच्या नातवाची, निहारची, मुंज होती. आबांनीच ती हट्टानं ठरवली होती. सौमित्रला, म्हणजे ऋताच्या नवऱ्याला, त्यात फारसा रस नव्हता. आंग मो किओच्या त्याच्या ऑफिसात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. पण आबांनी दोन वर्षं एकच धोशा लावला होता, की डोळे मिटायच्या आत पोराच्या गळ्यात जानवं बघायचंय. शेवटी हॉल ठरला, गुरुजी ठरले, ऋताची आई पुण्याहून येऊन मरीन परेडला ऋताच्या भावाकडे, यशोधनकडे, उतरली. आता हे सगळं मोडायचं का, असं सुलेखानं विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं. आबाकाकांना सांगू नका, सौमित्रदादालाही नको, रविवार पार पडू दे. इकडच्या सगळ्यांना मी बजावलंय. तिकडचं सांभाळायला कोणीतरी एक हवं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

सांभाळते, असं ऋता म्हणून बसली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की सगळ्या घराला वाचवायला निघालेल्या सुलेखानं तिला मात्र नेमकं आत ढकललं आहे.

ऋता काही सोवळ्यात वाढलेली नव्हती. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमध्ये बसून चिकन राइस खाणारी, एकादशी कधी आली नि कधी गेली याचा पत्ता नसलेली बाई. पण मुंजीत मातृभोजन असतं. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, आणि त्यानंतर पुन्हा कधी नाही. आई आपल्या हातानं त्याला शेवटचा घास भरवते. सुतकातल्या हातानं तो घास पोराच्या तोंडात जाणार, एवढा एक विचार मनात आला तो जाईना. बुद्धी सांगत होती की हे सगळं थोतांड आहे. पोट ऐकत नव्हतं. तिनं डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी एमआरटीच्या गाडीतून उतरून ती ब्लॉकपाशी आली, तर खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, तंबू लागलेला. चौथ्या मजल्यावरची चिनी म्हातारी गेली होती. पांढरीपिवळी कापडं, मधोमध म्हातारीचा हार घातलेला फोटो, मागे शवपेटी, आणि बाजूला गोल टेबलं मांडून भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या. इथे माणूस गेलं की त्याला लगेच नेत नाहीत. काही दिवस खालीच ठेवतात, आणि नातेवाईक, शेजारी येऊन नुसते बसतात. शेंगदाणे सोलतात, पत्ते खेळतात, थोडं बोलतात, पुष्कळसं गप्प राहतात. ऋता एरवी अशा तंबूवरून मान खाली घालून झपझप निघून जाई. त्या दिवशी तिचे पाय थबकले. म्हातारीचा मुलगा, पांढरा टीशर्ट घातलेला, बाहीला कापडाचा छोटा तुकडा लावलेला, तिला लिफ्टमध्ये बघून ओळखत होता. त्यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "कम, सिट, सिट."

ती बसली आणि तिला रडू कोसळलं. कोणी दचकलं नाही, कोणी कारण विचारलं नाही. कोणीतरी टिश्यूचं पाकीट पुढे सरकवलं. तिला आठवत होतं, लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सगळ्या सासरात पहिल्यांदा तिची थट्टा केली ती सुबोधकाकांनी, आणि त्या थट्टेनंच तिला त्या घरात हातपाय पसरायला जागा मिळाली. त्या माणसासाठी तिला एका अनोळखी म्हातारीच्या नावानं रडावं लागत होतं. वर गेल्यावर ती थेट डोक्यावरून अंघोळ करायला गेली.

*

दोघा भावांचं रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. साडेसहाच्या सुमारास आबा जेवणाच्या टेबलावर फोनचं स्टँड मांडत. तिकडे साताऱ्यात चहाची वेळ झालेली असे आणि सुबोधकाका कप घेऊन समोर येऊन बसत. बोलणं कसलं, भांडणच. आबांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं, काका जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेले. शब्दाचं मूळ पोथीत असतं असं आबा म्हणायचे, ते लोकांच्या तोंडात असतं असं काका म्हणायचे.

गेले काही आठवडे गाडी 'उदास' या एका शब्दावर अडकली होती. आबांच्या मते यात वादाला जागाच नव्हती. 'उद्' म्हणजे वर, बाजूला. 'आस्' म्हणजे बसणं. उदास म्हणजे चार माणसांतून उठून बाजूला जाऊन बसलेला. जुन्या राजनीतीत तर दोघांच्या लढाईत कोणाच्याच बाजूला नसलेल्या राजाला उदासीन म्हणत, दुःखाचा तिथे काडीचा संबंध नव्हता. काकांना हे बिलकूल मान्य नव्हतं. ज्याची आस उडाली तो उदास, हे शेंबड्या पोरालाही कळेल, असं ते म्हणायचे. मनीऑर्डर आली नाही म्हणून खिडकीवरून परत जाणारी म्हातारी कुठे बाजूला बसलेली असते? ती तर उभी असते, आणि तिच्याइतकं उदास मी कोणाला पाहिलं नाही. यावर आबा चिडून चष्मा काढत, काका तपकिरीची चिमूट ओढून एक दणदणीत शिंक देत, आणि उद्या बोलू म्हणून फोन बंद होई. उद्या पुन्हा तेच.

मंगळवारी संध्याकाळी साताऱ्याहून फोन आला नाही. काकांचा घसा पार बसलाय, डॉक्टरांनी आठवडाभर तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय, असं ऋतानं आबांना सांगितलं. सुलेखाशी तसं ठरलं होतं. आबा खूश झाले. बरं झालं, म्हणाले, आता मला पूर्ण वाक्य तरी बोलता येईल. पण बुधवारी त्यांनी पुन्हा वेळेवर स्टँड मांडलं आणि फोन न लावता त्याच्यासमोर बसून राहिले. सवय, दुसरं काय.

घरातल्या इतर सगळ्यांच्या लेखी सुबोधकाका जिवंत होते. सौमित्र त्यांच्यासाठी मुंजीच्या हॉलमध्ये टॅबलेट कुठे ठेवायचा याची आखणी करत होता, निहार त्यांना दाखवायला संध्येचे शब्द घोकत होता आणि मध्येच "टू हार्ड लाह" म्हणून सोफ्यावर आडवा होत होता. ते मेले होते फक्त ऋताच्या ठायी. मग गेलेल्या माणसानं जायचं तरी कुठे? ते तिच्याकडेच आले.

पहिल्यांदा नुसती शिंक आली. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोणीतरी शिंकलं, काका शिंकायचे तसंच, आधी घसा खाकरून. तिनं दार उघडून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता, शेजाऱ्यांच्या कुंड्या आणि वाळत घातलेला एक पायपुसण्याचा तुकडा. खालच्या तंबूतून कोणाची तरी शिंक वर आली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. मग टेबल पुसायला ती बाहेर आली. आबा काळ्या पडलेल्या फोनसमोर पाठमोरे बसले होते, आणि त्या काळ्या काचेत दोन डोकी होती. एक आबांचं. दुसरं आपलंच, मागे उभ्या असलेल्या बाईचं, हे तिला कळायला जो वेळ लागला तेवढ्यात तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. कारण दुसरं डोकं जरा वाकडं झालं होतं, समोरच्याचं म्हणणं खोडून काढायच्या आधी काका करायचे तसं.

आबांनी मागे वळून पाहिलं. तू उदास का दिसतेस गं, त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता शब्द तोंडात आला म्हणून त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"आता बघ," ते म्हणाले, "उदास हा शब्द त्या बाजूला बसलेल्या माणसानं काढलेला नाही. त्याला काय होतंय ते त्यालाच ठाऊक. शब्द काढला तो बघणाऱ्यांनी. त्यांना दिसलं एवढंच, की हा आपल्यातून उठून गेलाय. त्याच्या आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून बसण्यावरूनच नाव पडलं. सुबोधला हे पटत नाही. त्याला आतलं दिसतं म्हणे."

ऋता कामाचा ताण म्हणाली आणि आत गेली. रात्री देवापाशी दिवा लावायला सौमित्रला सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही, तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि मग त्याचाच रागही आला. आपण रोज दिवा लावतो आणि आज लावला नाही, हे या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. आबांना दिसलं. त्यांनी एकदा दिव्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी ती आधी खाली बसायची आणि मग वर यायची. म्हातारीच्या मुलानं तिला आता घरचंच मानलं होतं, पाकिटातला थंड चहा न विचारता समोर ठेवायचा. तिथं बसलं की काका येत नसत, शिंक नाही, खाकरणं नाही. तिथं त्यांच्या मरण्याला जागा होती. लिफ्टनं वर गेलं की मात्र त्या घरात ती कोणाशी नजर मिळवू शकत नव्हती, निहार गळ्यात पडायला आला की हात मागे घ्यायची, आणि पाठीमागे कोणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं आहे असं सारखं वाटायचं. आपण या माणसाचे शेवटचे शब्द गिळून बसलोय, ते तो परत मागतोय, हे तिला कळत होतं. द्यायचे कसे ते कळत नव्हतं.

गुरुवारी आबांचा धीर सुटला. घसा बसला म्हणून सुबोध गप्प बसणाऱ्यांतला नाही, ते म्हणाले. लिहून पाठवील, हातवारे करील, सुलेखाला मध्ये घालील. तीन दिवस माझं म्हणणं खोडून काढलं नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे. सुबोधच्या शेजारी राहणाऱ्या काळ्यांना फोन लावतो, ते जाऊन बघून येतील. आबांनी खरंच चष्मा लावून नंबर शोधायला घेतला. काळे मोठे भाबडे गृहस्थ होते. त्यांना कोणी बजावलं असलं तरी पहिल्या वाक्यालाच त्यांनी आबांचं सांत्वन केलं असतं.

ऋताच्या तोंडून निघून गेलं, की आत्ताच सुलेखाचा फोन येऊन गेला.

"काकांनी निरोप दिलाय तुमच्यासाठी. म्हणाले, दादाला सांग, तुझंच बरोबर आहे. आस् म्हणजे बसणं."

तिला वाटलं होतं, आबा टेबलावर थाप मारतील, निहारला हाक मारून सांगतील, रात्रभर तेच उगाळत बसतील. इतक्या वर्षांत एकदा जिंकल्यावर माणूस आणखी काय करणार? आबांनी फोन हळूच खाली ठेवला.

"असं म्हणाला?"

"हो."

"सुबोध म्हणाला?"

"हो, आबा. सुलेखा म्हणाली तसं."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर न लावताच आपल्या खोलीत निघून गेले. जाताना ते स्टँड तेवढं उचलून ठेव म्हणाले. काळ्यांना फोन केला नाही. चला, संकट टळलं, असं ऋतानं स्वतःला सांगितलं, पण तिच्या मनाला ते पटलं नाही. त्या संध्याकाळी शिंक आली ती घराच्या आतून, आबांच्या खोलीच्या दिशेनं, आणि ती खरी होती की नाही हे बघायला जायची तिची छाती झाली नाही.

शुक्रवारी आबांनी पूजा केली नाही. पाठ धरलीय म्हणाले. जेवणात हात आखडला, निहारचे संध्येचे शब्द ऐकताना मधेच उठून गॅलरीच्या दाराशी स्टूल टाकून बसले. सगळ्यांकडे पाठ करून. शनिवारीही तेच. निहार तक्रार करत आला, "मम्मा, आबा नॉट लिसनिंग लाह." सौमित्रनं थर्मामीटर लावून पाहिला, ताप नव्हता. उद्याच्या दगदगीची धास्ती असेल, तो म्हणाला. ऋताला मात्र तो स्टुलावरचा वाकलेला पाठीचा कणा बघवेना. आपण खोटं बोलून याला काय केलं? काका आता आपल्याला सोडून याच्याकडे गेले की काय? हा प्रश्न तिला एखाद्या अडाणी बाईसारखा खराखुरा पडला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

*

शनिवारी संध्याकाळी ती लिटिल इंडियातून मुंजीची फुलं आणि हार घेऊन परतली. तंबूचा तो शेवटचा दिवस होता, म्हातारीला दुसऱ्या दिवशी सकाळी नेणार होते. आज माणसं जास्त होती. ऋता नेहमीच्या खुर्चीकडे वळली, तर तिथं आबा बसले होते.

धुवट पांढरा सदरा, हात मांडीवर, पुढ्यात शेंगदाण्यांची बशी न हात लावलेली. शेजारच्या टेबलावर पत्ते चालले होते. आबा फोटोतल्या म्हातारीकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलेलं दिसत नव्हतं.

ऋतानं हारांची पिशवी लांब खांबापाशी ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिनं विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणीच नाही. म्हणून तर मी अजून मोकळा आहे." आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तू या तंबूत बसतेस, वर येऊन न्हातेस, दिव्याला हात लावत नाहीस, हे मी बघत होतो. म्हटलं, असेल काहीतरी हिचं. पण गुरुवारी तू निरोप दिलास ना, तेव्हा कळलं. अगं, आमची आई गेली तेव्हा तिचं वय किती यावरून आम्ही स्मशानात भांडलो. एवढ्या जन्मात तो मला एकदाही तुझं बरोबर म्हणाला नाही. जिवंत असता तर म्हणालाच नसता."

तिनं हात जोडले, चुकले म्हणाली. रागावलो नाही, ते म्हणाले. मग ते सावकाश, एकेक शब्द वेचून बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. त्यांनी ठरवलं होतं, की उद्याचा दिवस गप्प राहायचं. नातवाच्या मुंजीची एवढी वर्षं वाट पाहिली, सौमित्रनं मुश्किलीनं रजा काढली, ऋताची आई एवढ्या लांबून आली. ऋता एकटी ओझं वाहतेय तर आपणही एक दिवस वाहू. मनात कळलं म्हणजे कानावर आलं असं नाही, शास्त्रात तेवढी पळवाट आहे. दोन दिवस ते त्या पळवाटेत बसून होते.

"पण एक गोष्ट मला झेपत नाही," आबा म्हणाले. "तू त्याला हरवलंस, ऋता. तो माझ्या डोक्यात हरून बसलाय. मान खाली घालून. माझा भाऊ असा नव्हता गं. रोज संध्याकाळी समोर येतो आणि तुझंच बरोबर म्हणतो. मला त्याची भीती वाटते."

गेले पाच दिवस आपल्या मागे कोण उभं होतं आणि काय मागत होतं, ते तिला आता समोर बसलेलं दिसत होतं.

"तो खरं काय म्हणाला? काहीतरी म्हणाला असणारच. तोंड मिटून जाणाऱ्यांतला तो नाही." आता त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "विचार करून सांग. तू सांगितलंस की माझ्या कानावर आलं. मग उद्याचं राहिलं. पुढचा मुहूर्त मला मिळेल न मिळेल. नाही सांगितलंस तरी मी तुला दोष देणार नाही, वर जाऊ आणि उद्या सगळं नीट करू."

खांबापाशी मोगऱ्याची पिशवी होती. वर घरात सौमित्र पाटावर कोरी धोतरं मोजून ठेवत असेल, निहारला उद्या डोक्यावर वस्तरा फिरणार याची गंमत आणि धास्ती दोन्ही वाटत असेल. हे सगळं ज्यांच्या हट्टापायी उभं राहिलं, ते समोर बसून ते मोडायची परवानगी तिच्याच हातात देत होते. ऋताला वाटलं, आपण नाही म्हणावं, उद्याचं उद्या बघू म्हणावं. आणि त्याच वेळी तिला पक्कं कळलं, की हे शब्द पोटात ठेवून आपण पोराला घास भरवू शकणार नाही. सुतकामुळे नव्हे. दुसऱ्याचं त्याला न देता आपण जेवायला बसलो, असं होईल म्हणून.

"गाडीत म्हणाले," ती म्हणाली. "दादाला सांग, त्याचं चुकतंय. उद्या बोलतो त्याच्याशी."

आबांच्या नाकातून हसण्यासारखा एक आवाज निघाला.

"चुकतंय म्हणे," ते म्हणाले. "माझं चुकतंय म्हणे." त्यांनी ते पुन्हापुन्हा म्हटलं आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा मोडला. एवढा मोठा माणूस तोंडावर हात न घेता, मोठ्यानं, गावाकडे रडतात तसा रडला. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले, पण कोणी उठून आलं नाही, कोणी बघत राहिलं नाही. म्हातारीचा मुलगा तेवढा आला. "माय मदर युअर फ्रेंड आ, अंकल?" त्यानं विचारलं.

"माय ब्रदर," आबा म्हणाले.

मुलगा क्षणभर गोंधळला. त्यानं पेटीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, ऋताकडे पाहिलं. मग त्याला उमगलं असावं, कारण त्यानं एक खुर्ची ओढली आणि आबांच्या शेजारी बसला. त्याची स्वतःची आई मागे होती आणि उद्या सकाळी जाणार होती, तरी तो या परक्या म्हाताऱ्याच्या भावासाठी तिथं बसून राहिला. ऋता आबांचा हात धरून होती. तिलाही रडू येत होतं, पण आता ते चोरून येत नव्हतं.

तिचा फोन वाजायला लागला. सौमित्र होता. गुरुजींचा निरोप आलाय, समिधा कोणत्या आणल्यात विचारतायत, आणि तू आहेस कुठे, आबाही घरात नाहीत, असं तो घाईघाईनं बोलत होता. आबांनी हात पुढे केला आणि फोन तिच्याकडून घेतला.

"सौमित्र, खाली ये," ते म्हणाले. "समिधा राहू दे. मंगळवारी तुझा काका गेला." पलीकडे काय बोललं गेलं ते ऋताला ऐकू आलं नाही. आबा बराच वेळ ऐकत राहिले, डोळे पुसत, मान हलवत, आणि मग वर्गात पोरांना दटावायचे त्या जुन्या आवाजात म्हणाले, "हो रे, शुद्धीवर होता. आणि शेवटपर्यंत चुकीचंच बोलत होता, गाढव."